आसिया जेबार यांना फ्रेंचच्या वर्गात हक्काची जागा द्या

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या फ्रेंच अभ्यास मंडळांचे अध्यक्ष आणि सदस्य यांस,

स. न. वि. वि.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे क्रेडिटं, मेजर-मायनर, ऐच्छिक विषय यांची मांडणी सध्या सगळीकडे नव्याने चालली आहे. या धांदलीत कोणता लेखक अभ्यासक्रमात येतो आणि कोणता बाहेर राहतो, हे बहुतेक वेळा जुन्या याद्या पुढे ठेवूनच ठरतं. मी बरीच वर्षं फ्रेंच शिकवते आहे. तुमच्यातले काही जण माझे सहकारी आहेत, काहींच्या हाताखाली मी शिकले आहे. म्हणून संकोच न ठेवता एक मागणी मांडते. फ्रेंचमधून लिहिणाऱ्या अल्जीरियन कादंबरीकार आसिया जेबार यांना बी.ए. आणि एम.ए.च्या फ्रेंच अभ्यासक्रमात हक्काची जागा द्या. शेवटच्या युनिटमध्ये, परीक्षा तोंडावर आल्यावर घाईघाईने उरकायचा एक उतारा म्हणून नको. एक अख्खी कादंबरी, अख्ख्या सत्रासाठी नेमा. आणि ती शिकवताना मराठीला वर्गाबाहेर उभं करू नका.

ही मागणी मी एका बैठकीत तोंडी मांडली होती. उत्तर आलं, "मॅडम, आधी फ्रान्स तरी पुरा होऊ द्या, अल्जीरियाचं पुढे बघू." ते उत्तर कुणी वाईट हेतूने दिलं नव्हतं. पण त्यात जी समजूत आहे तिच्याशीच माझं भांडण आहे. फ्रेंच म्हणजे फ्रान्स, बाकीचे देश म्हणजे पुरवणी, ही ती समजूत. आसिया जेबार यांची सगळी कारकीर्द या समजुतीला दिलेलं उत्तर आहे.

त्यांचं जन्मनाव फातमा-झोहरा इमालायेन. जन्म ३० जून १९३६, अल्जीरियाच्या किनाऱ्यावरच्या शेर्शेल या जुन्या गावात. रोमन काळात हे सीझेरिया नावाचं राजधानीचं शहर होतं, आजही तिथे जागोजागी रोमन अवशेष दिसतात. वडील ताहर हे मितिजाच्या सुपीक मैदानातल्या मूझायाव्हील या गावी फ्रेंच शाळेत मास्तर होते. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या त्या मुलखात एक अल्जीरियन माणूस फ्रेंच शिकवत होता, आणि त्याने आपल्या मुलीला हाताला धरून त्याच शाळेत नेलं. तिच्या वयाच्या मुली एकेक करून घरात बसवल्या जात असताना ही मुलगी शिकत राहिली. पुढे ब्लिदाच्या शाळेत तिला अरबी शिकायची होती, तर ती तिथे मिळेना. त्याऐवजी ग्रीक, लॅटिन आणि इंग्रजी. तिच्या स्वतःच्या देशात, स्वतःच्या लोकांची लिपी शिकायची सोय शाळेत नव्हती.

इथे थोडं थांबते, कारण हा मुद्दा आपल्या अंगणातला आहे. आपल्याकडे अकरावीला हजारो मुलं मराठी सोडून फ्रेंच घेतात, कारण फ्रेंच 'स्कोअरिंग' आहे. त्यांना कुणी मराठी नाकारलेली नाही, ती त्यांनी आपणहून बाजूला ठेवलेली आहे. आणि आपण फ्रेंचचे शिक्षक त्याच मुलांच्या फीवर उभे आहोत. त्यातली जी मुलं पुढे बी.ए.ला फ्रेंच घेऊन येतात, त्यांना मायबोली आणि शिकलेली भाषा यांच्यातल्या नात्याबद्दल एक अक्षरही न शिकवता पदवी देणं मला पटत नाही. तो विषय काढायला जेबारांइतकी योग्य लेखिका फ्रेंच साहित्यात मला दुसरी माहीत नाही.

ब्लिदानंतर अल्जिअर्सच्या लिसे ब्यूजो या शाळेत एक वर्ष, मग पॅरिसच्या लिसे फेनलोंमध्ये. १९५५ साली त्यांना सेव्हर इथल्या एकोल नॉर्माल या नामांकित उच्च शिक्षणसंस्थेत प्रवेश मिळाला. तिथे पोहोचलेली पहिली अल्जीरियन स्त्री त्याच. विषय इतिहास. पण १९५४च्या १ नोव्हेंबरला स्वातंत्र्ययुद्ध पेटलं होतं. १९५६ साली अल्जीरियन विद्यार्थ्यांच्या संघटनेने संपाची हाक दिली आणि या मुलीने परीक्षेला बसायचं नाकारलं. त्याच दिवसांत, जेमतेम विशीत, त्यांनी 'ला स्वाफ', म्हणजे तहान, ही पहिली कादंबरी लिहिली. १९५७ साली ती आसिया जेबार या टोपणनावाने आली, कारण घरी, विशेषतः वडिलांना, कळायला नको होतं. फ्रेंच समीक्षकांनी लगेच तिची तुलना फ्रान्स्वाझ सागां या तेव्हा गाजत असलेल्या तरुण फ्रेंच कादंबरीकार स्त्रीशी केली. अल्जीरियातल्या काहींना राग आला, की देश जळत असताना ही मुलगी एका तरुणीच्या देहाबद्दल आणि मत्सराबद्दल काय लिहिते? मला ती कादंबरी कच्ची वाटते, पण तो राग अन्यायाचा होता. वीस वर्षांच्या मुलीने 'मला काय हवं आहे' असं छापील फ्रेंचमध्ये विचारणं ही त्या घरांत लहान गोष्ट नव्हती.

त्यानंतर ट्यूनिस. तिथे त्या 'एल मुजाहिद' या स्वातंत्र्यचळवळीच्या पत्रासाठी काम करत आणि सीमेपलीकडून आलेल्या निर्वासित बायकांच्या मुलाखती घेत. १९५९पासून रबातच्या विद्यापीठात इतिहासाचं अध्यापन. १९६२ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा परत येऊन अल्जिअर्सच्या विद्यापीठात पुन्हा इतिहास. या दहा वर्षांत चार कादंबऱ्या आल्या. चौथी १९६७ची.

आणि मग पुढची कित्येक वर्षं कादंबरी नाही. १९६९च्या एका कवितासंग्रहानंतर आणि एका नाटकानंतर १९८०पर्यंत पुस्तकच नाही.

अभ्यासक्रम बनवणाऱ्यांनी या मौनाकडे नीट पाहावं असं मला वाटतं. आपण लेखकाची कारकीर्द शिकवतो ती पुस्तकांच्या सनावळीने. पण इथे सर्वांत महत्त्वाची वर्षं ती आहेत ज्यांत पुस्तक नाही. स्वतंत्र अल्जीरियात अरबीकरण सुरू झालं, इतिहास अरबीतून शिकवायचा असं ठरत गेलं. जेबारांची अरबी म्हणजे आईच्या, आजीच्या तोंडची बोली. ती ग्रंथांची अरबी नव्हती. फ्रेंचमध्ये लिहायचं तर ती काल-परवापर्यंतच्या शत्रूची भाषा. अरबीत लिहायचं तर हात चालत नाही. मग त्यांनी तिसरा मार्ग धरला. लिहिणं थांबवून त्या ऐकायला गेल्या.

शेर्शेलजवळ शनूआ नावाचा डोंगर आहे. आईकडच्या माणसांचा तो मुलूख. सत्तरच्या दशकात ध्वनिमुद्रणाची आणि चित्रणाची साधनं घेऊन त्या तिथल्या बायकांकडे गेल्या. शेतात राबणाऱ्या, म्हाताऱ्या, निरक्षर बायका. युद्धात या बायकांनी मुक्तिसैनिकांना भाकर दिली, लपवलं, निरोप पोहोचवले. त्यांची घरं जाळली गेली, मुलं-भाऊ मारले गेले. स्वातंत्र्यानंतर त्यांना कुणी विचारलं नव्हतं. १९७७ साली पुरा झालेला 'ला नूबा दे फाम द्यु मों शनूआ' हा चित्रपट त्यातून आला. १९७९ साली व्हेनिसमध्ये त्याला आंतरराष्ट्रीय समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. मायदेशात मात्र त्याच्यावर टीका झाली. वीरपुरुष दाखवणाऱ्या युद्धपटांची सवय झालेल्या प्रेक्षकांना या संथ, तुटक, बायकांच्या बोलण्यावर उभ्या असलेल्या चित्रपटाचं काय करावं ते कळलं नाही.

या चित्रपटाने त्यांना पुन्हा लेखणीकडे आणलं, पण आता फ्रेंच बदललेली होती. १९८०चा कथासंग्रह 'फाम दाल्जे दां लर आपार्तमां', म्हणजे अल्जिअर्सच्या बायका आपल्या घरात. शीर्षक देलाक्र्वाच्या चित्रावरून घेतलं आहे. हा फ्रेंच चित्रकार १८३२ साली, फ्रेंचांनी शहर जिंकल्यानंतर दोन वर्षांनी, अल्जिअर्सला आला आणि एका घराच्या जनानखान्यात त्याला थोडा वेळ प्रवेश मिळाला. १८३४ साली त्याने चित्र पॅरिसमध्ये मांडलं. आज ते लूव्रमध्ये आहे. संग्रहाच्या शेवटच्या लेखात जेबार त्या चित्राचा अर्थ लावतात. या बायकांकडे आपण पाहतो आहोत, त्या आपल्याकडे पाहत नाहीत, आणि त्यांचा आवाज तर चित्रातून कापूनच टाकलेला आहे. मग त्या पिकासोकडे वळतात. युद्ध सुरू झाल्यावर लगेच, डिसेंबर १९५४ ते फेब्रुवारी १९५५ या काळात, त्याने त्याच विषयावर पंधरा चित्रं काढली आणि बंद खोलीची दारं उघडली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला हा लेख दोन्ही चित्रं समोर ठेवून शिकवता येतो. मी खासगी वर्गात शिकवला आहे. ज्या मुली एरवी तोंड उघडत नाहीत त्या या तासाला बोलतात, कारण पाहुणे आल्यावर आत जाणं काय असतं हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागत नाही.

आता मुख्य पुस्तक. 'लामूर, ला फांतासिया', १९८५. माझी मागणी पूर्ण कादंबरी नेमण्याची आहे ती हीच. प्रेम, आणि बंदुका उडवत घोडे दौडवण्याचा तो माग्रेबी, म्हणजे वायव्य आफ्रिकेतला, खेळ, ही दोन्ही शीर्षकात शेजारी बसली आहेत. पहिल्याच वाक्यात शरद ऋतूतल्या एका सकाळी वडिलांच्या हातात हात घालून पहिल्यांदा शाळेला निघालेली एक अरब मुलगी आहे. काही पानं पुढे जून १८३० येतो आणि फ्रेंच आरमार अल्जिअर्ससमोर उभं राहतं. पुस्तकभर हे दोन धागे एकमेकांत विणलेले आहेत. एक मुलगी फ्रेंच शिकते आहे, आणि तीच फ्रेंच सेनापतींच्या पत्रांतून तिचा देश जिंकते आहे. तिसऱ्या भागात शनूआच्या बायका स्वतः बोलू लागतात.

त्यातलं एक प्रकरण मी तुम्हाला आग्रहाने पुन्हा वाचायला सांगेन. वडील कधी नव्हे ते लांबच्या प्रवासाला जातात आणि तिथून घरी पोस्टकार्ड धाडतात. मजकूर साधा, ख्यालीखुशालीचा. पण पत्त्यावर त्यांनी चक्क बायकोचं नाव घातलेलं असतं. रिवाज असा की नवरा बायकोचं नाव घेत नाही, पत्र पाठवलं तर ते घराला किंवा मुलाच्या नावे. इथे तर पोस्टमनने सगळ्यांसमोर ते नाव वाचलेलं. आई माहेरी गेल्यावर ही गोष्ट बायकांत निघते आणि धक्का बसतो. 'तुझं नाव? लिहून? पोस्टमनला दिसेल असं?' आई ओशाळते, पण आतून तिला काय वाटलं ते मुलगी ओळखते. आईनेही, मास्तरांच्या वसाहतीत फ्रेंच शेजारणींशी बोलता बोलता, नवऱ्याचा उल्लेख नावाने करायला सुरुवात केलेली असते. आधी ती फक्त 'ते' म्हणायची. चार पानांत एका लग्नाची कथा आहे. दोन माणसं परक्या भाषेच्या आडोशाने एकमेकांना नावाने हाक मारायला शिकतात.

हे मराठी मुलांना समजावून सांगावं लागतं का? त्यांच्या आज्या 'अहो' आणि 'आमच्याकडचे' म्हणत आल्या, नाव फक्त उखाण्यात घेतलं. रमाबाई रानडे न्यायमूर्तींकडून इंग्रजी शिकत होत्या तेव्हा घरातल्या बायकांनीच त्यांना किती टोचलं हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. नवऱ्याने दिलेली परकी भाषा, घरातल्या बायकांचा रोष, आणि त्या भाषेने उघडलेलं दार, हे सगळं आपल्याकडे शेर्शेलच्याही आधी घडलेलं आहे. पॅरिसच्या विद्यार्थ्याला तळटीप लागेल तिथे आपल्या विद्यार्थ्याला आजी आठवेल. हा आपल्या वर्गाचा केवढा मोठा फायदा आहे! आणि आपण तो वापरतच नाही, कारण फ्रेंचच्या तासाला मराठी बोललेली चालत नाही.

पण हेच वडील दुसऱ्या एका प्रसंगात वेगळे दिसतात. मुलगी सतरा वर्षांची असताना एका अनोळखी मुलाचं पत्र येतं. वडील ते तिला न दाखवता फाडून कचऱ्याच्या टोपलीत टाकतात. ती तुकडे गोळा करून जुळवते आणि वाचते. शाळेचं दार उघडणारा हात आणि पत्र फाडणारा हात एकच आहे. जेबार वडिलांचा पुतळा उभारत नाहीत आणि त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यातही उभं करत नाहीत. स्त्रीवाद असा, प्रेमासकट, हिशेब मांडू शकतो हे वीस वर्षांच्या मुलांनी वाचायला हवं, मुलग्यांनी तर नक्कीच.

दुसरा धागा युद्धाचा. जून १८४५मध्ये दाहराच्या डोंगरात उलेद रियाह या जमातीची माणसं बायकामुलांसह आणि गुराढोरांसह गुहांत लपली. कर्नल पेलिसियेने गुहांच्या तोंडाशी जाळ पेटवायला लावला. आत शेकडो माणसं धुराने गुदमरून मेली. त्या मोहिमेचा सूत्रधार गव्हर्नर जनरल ब्यूजो. होय, ज्याचं नाव त्या अल्जिअर्सच्या शाळेला होतं तोच. पेलिसियेने घडलं ते सविस्तर अहवालात लिहिलं. तो पॅरिसला पोहोचला आणि खळबळ माजली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सें-आर्नो या दुसऱ्या अधिकाऱ्याने अशीच माणसं गुहेत कोंडून मारली, पण त्याने गवगवा होऊ दिला नाही. जेबार या दोघांना समोरासमोर ठेवतात आणि अंगावर काटा आणणारं एक वाक्य लिहितात. त्याचा आशय असा की मला पेलिसियेबद्दल विचित्र कृतज्ञता वाटते, कारण त्याने निदान मेलेल्यांकडे पाहिलं आणि लिहून ठेवलं. मारणाऱ्याच्या भाषेत, मारणाऱ्याच्या अहवालात, मेलेल्यांची एकमेव नोंद आहे. ती वाचायची तर ती भाषा आली पाहिजे.

पुस्तकाच्या शेवटाकडे चित्रकार-लेखक फ्रोमांतँ येतो. तो १८५३ साली लागुआतला गेला होता. आदल्या वर्षीच फ्रेंच सैन्याने ते शहर वेढा घालून घेतलं होतं. तिथे त्याला वाटेत एका अनोळखी अल्जीरियन स्त्रीचा तुटलेला हात सापडला. त्याने तो उचलला आणि टाकून दिला. जेबार लिहितात की तो हात मी उचलते आणि त्याच्या बोटांत लेखणी द्यायचा प्रयत्न करते.

हे वाचल्यावर 'अल्जीरियाचं पुढे बघू' असं मला म्हणवत नाही.

इथे एक काळजीही बोलून दाखवते. जेबारांना चुकीच्या पद्धतीने शिकवणं फार सोपं आहे. 'बुरख्यातून सुटलेली मुसलमान बाई, फ्रेंचने तिला वाचवलं' अशा साच्यात त्यांना बसवलं की तास रंगतो, आणि वर्गातल्या काही मुलांचे पूर्वग्रहही सुखावतात. तसं होणार असेल तर नेमूच नका. त्यांनी १९९१ साली 'ल्वॅं द मेदीन' लिहिली, तबरी आणि इब्न हिशाम यांच्या जुन्या इतिहासग्रंथांत डोकावून. पैगंबरांच्या भोवतीच्या, आणि त्यांच्यानंतरच्या संघर्षातल्या, बोलक्या आणि खंबीर स्त्रिया त्यांनी त्या ग्रंथांच्या ओळींमधून शोधून काढल्या. इस्लामच्या आत उभं राहून त्याच्या आरंभीच्या स्त्रियांवर हक्क सांगणारं हे पुस्तक आहे. नव्वदच्या दशकात अल्जीरियात लेखक, पत्रकार, डॉक्टर, शिक्षक वेचून मारले गेले. त्यांत १९९४ साली ओरानमध्ये गोळ्या घातलेले नाटककार अब्देलकादेर अलूला हे त्यांचे आप्तही होते आणि मित्रही. त्यांच्यासाठी आणि तशा इतर मित्रांसाठी त्यांनी 'ल ब्लां द लाल्जेरी' लिहिलं. धुराने माणसं मारणारा कर्नल आणि धर्माच्या नावाने गोळ्या झाडणारे, दोघांनाही त्यांनी त्याच फ्रेंचमध्ये जाब विचारला. वर्गात हे दोन्ही गेलं पाहिजे. एकच अर्धं शिकवणाऱ्याने त्यांना हात लावू नये.

प्राध्यापक म्हणूनही त्यांचा प्रवास आपण पाहावा. रबात, अल्जिअर्स, मग नव्वदच्या दशकात अमेरिकेत लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत फ्रेंच आणि फ्रँकोफोन (फ्रेंच बोलणाऱ्या देशांच्या) अभ्यासकेंद्राच्या संचालक, नंतर न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत. अल्जिअर्समध्ये सत्तरच्या दशकात त्या फ्रेंच साहित्य आणि चित्रपट शिकवत. १९९९ साली त्यांनी मोंपेलिएला डॉक्टरेट केली, तीही स्वतःच्याच लेखनावर. इतिहास शिकवणारी बाई कादंबरीत शिरली तेव्हा पुराभिलेखागार बरोबर घेऊन आली, आणि साहित्य शिकवताना तोंडी साक्ष वर्गात आणली. फ्रेंच विभाग, इतिहास विभाग आणि मराठी विभाग यांनी एकत्र बसून शिकवावं असं एखादं पुस्तक हवं असेल तर ते इथे तयार आहे. आंतरशाखीय अभ्यासक्रमांबद्दल आपण परिपत्रकांत एवढं लिहितो, त्याची सुरुवात इथून करता येईल.

मानसन्मानांबद्दल थोडक्यात. १९९६चा न्यूश्टाट पुरस्कार, २००० सालचा जर्मन ग्रंथव्यवसायाचा शांतता पुरस्कार. १६ जून २००५ रोजी आकादेमी फ्रांसेझ या फ्रेंच भाषेच्या सर्वोच्च संस्थेवर निवड. १६३५ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेत पहिली स्त्री १९८०मध्ये पोहोचली, जेबार पाचव्या, आणि माग्रेबमधून आलेल्या पहिल्या लेखिका. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढच्या वर्षीच्या जूनमधलं त्यांचं स्वागतभाषण. वसाहतवादाची 'सकारात्मक भूमिका' शाळेत शिकवावी असं कलम असलेला कायदा फ्रान्सने २००५च्या फेब्रुवारीत केला होता. ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी ते कलम मागे घ्यावं लागलं. ती जखम ताजी असताना ही स्त्री फ्रेंच भाषेच्या त्या सर्वोच्च सभागृहात उभी राहिली आणि वसाहतीच्या राजवटीने उत्तर आफ्रिकेला केलेल्या प्रचंड जखमेबद्दल बोलली. सन्मान घेताना सत्य गिळलं नाही. त्याच भाषणात त्यांनी आपल्या फ्रेंचवरचं प्रेमही लपवलं नाही. ६ फेब्रुवारी २०१५ रोजी पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन शेर्शेलला झालं.

आता तुमच्याकडून येतील असे आक्षेप. 'भाषा अवघड आहे.' आहे. वाक्यं लांब आहेत, लष्करी शब्द बरेच आहेत. पण बालपणाची प्रकरणं छोटी, स्वच्छ आणि घरगुती आहेत. तिसऱ्या भागातल्या बायकांच्या साक्षी तर मुद्दाम बोलल्यासारख्या साध्या फ्रेंचमध्ये लिहिल्या आहेत. बी-१, म्हणजे मधली, पातळी ओलांडलेला विद्यार्थी त्या वाचू शकतो. अवघड प्रकरणं एम.ए.साठी ठेवा. 'मुलांना नोकऱ्या हव्यात.' हव्यातच. आज फ्रेंच बोलणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा आफ्रिकेचा आहे. आपल्या पोरांना हिंजवडीत बसून ज्यांच्याशी बोलावं लागतं त्यांत मोरोक्को, ट्युनिशिया, सेनेगलची माणसंही असतात. फक्त पॅरिसची मेट्रो आणि बेकरी शिकून गेलेला मुलगा त्यांच्याशी बोलताना कमी पडतो. 'शिकवणारे तयार नाहीत.' हा आक्षेप खरा आहे, आणि तो दूर करणं तुमच्याच हातात आहे. उजळणी वर्ग, शिक्षकांसाठी कार्यशाळा हे सगळं तुमच्या अखत्यारीत येतं.

मराठीचा मुद्दा शेवटी, कारण त्यावर सर्वांत जास्त विरोध होईल याची मला कल्पना आहे. फ्रेंचच्या तासाला मराठी नको, हा नियम पहिल्या वर्षी समजू शकते. तिसऱ्या वर्षाच्या आणि एम.ए.च्या वर्गात त्याला काही अर्थ उरत नाही. आपले विद्यार्थी भाषांतराचा पेपर देतात तो बहुतेक ठिकाणी फ्रेंच-इंग्रजी असा. त्यात फ्रेंच-मराठी हा पर्याय द्या. पोस्टकार्डाचं प्रकरण मराठीत आणायला सांगा. शनूआच्या बायकांच्या साक्षी आणायला सांगा, आणि प्रत्येकाला आपापल्या घरची बोली वापरू द्या. कोकणातली मुलगी मालवणीत करील, विदर्भातला मुलगा वऱ्हाडीत करील. ज्या लेखिकेने आयुष्यभर आईच्या बोलीला फ्रेंचमध्ये जागा करून देण्याचा खटाटोप केला, तिचा मजकूर प्रमाण इंग्रजीत नेऊन बसवण्यात आपण तिचं अर्धं काम पुसतो. असे चांगले अनुवाद जमले तर फ्रेंचमधून थेट मराठीत करणाऱ्यांची एक पिढी तयार होईल. तिची आपल्याकडे किती वानवा आहे हे तुम्ही माझ्याइतकंच जाणता.

माझ्याकडे एका सत्राचा आराखडा तयार आहे. 'लामूर, ला फांतासिया'ची प्रकरणवार विभागणी, सोबत वाचायचा पेलिसिये आणि फ्रोमांतँचा मजकूर, देलाक्र्वा आणि पिकासोची चित्रं, 'ला नूबा'चं प्रदर्शन, फ्रेंच-मराठी भाषांतराचे दहा उतारे आणि मूल्यमापनाची पद्धत, असं सगळं त्यात आहे. ज्या मंडळाला हवा असेल त्यांना तो विनामूल्य देईन, आणि बोलावलंत तर पहिल्या वर्षी कुठल्याही महाविद्यालयात येऊन शिकवीन. नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा विद्या परिषदेपुढे जाण्याआधी, पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, ही विनंती.

आपली,
फ्रेंचची एक शिक्षिका, पुणे